काठावरची हातोडी

हातोडी शार्क नावाचा मासा मी पहिल्यांदा पाहिला तो लोणावळ्यात, तिसऱ्या मजल्यावर, पाठीला तीन उशा लावून. समुद्र तिथून घाट उतरून कुठेतरी लांब, आणि हे मासे त्याहूनही लांबच्या, नकाशात टाचणीने भोक पाडावं एवढ्याशा बेटाभोवतीचे. पण ते माझ्याकडे आले, कारण मला कुठे जाता येत नव्हतं.

का जाता येत नव्हतं ते आधी सांगते. त्यात माझा मूर्खपणा आहे. तो मी लपवत नाही; या वयात लपवायला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत.

कान्हे स्टेशनापासून आत आमचं गाव. नवरा गेल्यापासून घरात मी एकटी. सोबतीला एक म्हैस, आणि भिंतीपलीकडे धाकटी जाऊ. त्या आषाढात आमच्या खाचरात आवणी चालली होती, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम. मला बांधावर बसून चहा वाटायला सांगितलं होतं. पण बाया रोपं वाकडी लावत होत्या. खरं म्हणजे सरळच लावत होत्या, मला वाकडी दिसत होती. तर चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई, दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवून घेतलेली, पदर खोचून चिखलात निघाली. "सरका गं, मी दाखवते."

दाखवलं. बांधावरून पाय सटकला आणि मी अशी काही बसले की खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या खाचरात ऐकू गेला, असं जाऊ सांगते. जाऊ वाढवून सांगते, पण हाड खरंच मोडलं होतं.

तळेगावला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि तिथून मला गावी न नेता थेट मुलाकडे आणलं. लोणावळा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार माणसांनी खुर्चीत बसवून वर नेलं. मी वरून हात हलवत होते, पालखीत बसल्यासारखी. पायऱ्याही मोजल्या, चोपन्न. वर पोचल्यावर चौघं जण हात झटकून निघून गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आता खाली उतरायचं तर या चौघांना परत बोलवावं लागणार, आणि त्यांचा नंबर मुलाकडे आहे.

मुलगा एका हॉटेलात मॅनेजर, सून शाळेत शिकवते. सकाळी दोघं गेली की दार बाहेरून ओढून लॅच लागायचं. "कुणी बेल वाजवली तर तुम्हाला उठायला नको आई, म्हणून," सून म्हणायची. चांगल्या मनाने म्हणायची, तीच तर अडचण. वाईट मनाने कोंडलं असतं तर मला भांडता आलं असतं.

खिडकी होती. पण पावसाळ्यातली लोणावळ्याची खिडकी म्हणजे काचेला चिकटवलेलं धुकं. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसायची नाही. खालून गाड्यांचे हॉर्न यायचे, चिक्कीच्या गुळाचा वास यायचा. लांबून लांबून लोक जे धुकं बघायला येत होते, ते मला पलंगावर आणून दिलं होतं आणि मला नको होतं.

मला घरी जायचं होतं. आणि त्याला मुदत होती. म्हैस गाभण होती, दिवाळीच्या आसपास व्यायची होती, आणि तिच्या प्रत्येक बाळंतपणाला मी हजर होते. मी मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "दसऱ्यापर्यंत वॉकर सुटून काठीवर आलीस तर बघू."

"बघू" या शब्दावर मी त्याला लहानपणी बारा वर्षं फसवलंय. सायकल बघू, सर्कस बघू. त्यामुळे त्याचा अर्थ मला नवा नव्हता. त्याच आठवड्यात भिंतीआडून त्याचा फोन ऐकला. जावेशी बोलत होता. "काकू, म्हैस आता तुमच्याकडेच राहू दे कायमची. आईला नाही पाठवणार तिकडे."

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. दुसरीकडे कुठे जाणार?

मग नात आली. मुलाची ही एकुलती एक मुलगी. माशांवर शिकते. माशांवर शिकून काय करतात हे मला तोवर कळलेलं नव्हतं, पण तिचं मला आवडतं. त्या बेटावर दोन महिने राहून ती परतली होती, नाकाची साल निघालेली, केसांचा काथ्या झालेला. माझा पलंग तिच्याच खोलीत होता, म्हणून तिने टेबल माझ्या उशापाशी लावलं आणि पडद्यावर निळं पाणी सुरू केलं.

"हे काय?"

"माझं काम, आज्जी. आता चार महिने हेच बघायचं."

"पाणी?"

"पाण्यात कोण येतं ते."

माझ्या गोळ्यांच्या खोक्यावर तिने बेट काढून दाखवलं. समुद्रात बुडालेल्या डोंगराच्या माथ्याभोवती प्रवाळाने घातलेलं कांकण. आत उथळ, हिरवं पाणी. आणि कांकणाच्या बाहेर एकदम कडा, लायन पॉइंटवरून दरी तुटते तसा. त्या कड्यावरच्या एका कपारीत ती आणि तिची माणसं कॅमेरा ठेवून वर यायची. हे मासे बुजरे, माणसाच्या श्वासाचे बुडबुडे आले की निघून जातात. म्हणून कॅमेरा एकटाच बसायचा आणि समोरून जे जाईल ते टिपायचा. एकाच जागी खिळून दिवसभर एकाच दिशेला बघत राहायचं. मला त्या कॅमेऱ्याविषयी लगेच आपुलकी वाटली.

मग त्या हातोड्या आल्या. निळ्यातून आधी सावल्या, मग अंग, मग ते डोकं. आधी मला वाटलं, तोंडात काहीतरी आडवं धरून पोहतायत. चिखल सपाट करायला बैलांमागे फळी बांधतात, तसं आडवं डोकं, आणि दोन टोकांना दोन डोळे.

"देवाने घाईत केलेलं दिसतंय."

"उलट आज्जी. त्यांना पुढचं, मागचं, वरचं, खालचं सगळं दिसतं. फक्त अगदी नाकासमोरचं दिसत नाही."

"मग माझ्यासारखंच की. बांध नाकासमोरच होता."

दिवसा त्या कळपाने त्या कड्यापाशी फिरतात, नातीने सांगितलं. अंधार पडायला लागला की एकेकटी लांब समुद्रात शिकारीला जाते आणि सकाळी परत तिथेच येते. म्हणजे म्हशींच्या उलट. म्हशी दिवसा चरतात आणि संध्याकाळी गोठ्यात येतात. पण परत येणाऱ्या त्याच असतात, की रोज नव्या, हे कुणाला धड माहीत नव्हतं. तेच तिला शोधायचं होतं. तिच्याकडे गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे व्हिडिओ होते. त्याच हातोड्या दरवर्षी त्याच कड्याला येत असतील, तर गळांची लांब दोरी लावणारी एकच बोट अख्खा गोठा रिकामा करू शकते. तसं असेल तर तिथे मासेमारी नको, असं ठणकावून सांगता येईल.

"आणि नव्या असतील तर?"

"तर काहीच सांगता येत नाही."

आठ दिवसांत पोरीचे डोळे लाल झाले. तासन्‌तास रिकामं निळं, मग अर्धा मिनिट झुंबड, मग पुन्हा निळं. मी म्हणाले, मला दे. मीही निळंच बघतेय, माझ्याकडचं नुसतं जरा पांढरं आहे.

तिने मला व्हिडिओ थांबवायचं बटण शिकवलं, शंभर पानी वही दिली आणि नियम सांगितला. येतील तशा मोजत जायचं नाही, कारण तीच परत फिरून येते. पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या, तेवढा एकच आकडा त्या क्लिपपुढे लिहायचा. शाळा सुटून साठ वर्षं झाली होती. मी नव्याने पट्टीने रकाने आखले.

मग नातही दिवसा कॉलेजात, तिला शिकवणाऱ्या मॅडमकडे जायला लागली, आणि माझे दिवस असे जायचे. दोन क्लिप बघायच्या, वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत जायचं, लॅच लागलंय ना हे उगाच बघायचं, परत यायचं. अकरा पावलं तिकडे, अकरा इकडे. सळई आत कुरकुरायची. पुन्हा निळं.

बघून बघून मला त्यांच्यातल्या रीतीभाती कळायला लागल्या. कळपाच्या मधोमध मोठ्या, जाड, शांत. कडेला लहान. एखादी लहान मध्ये शिरायला गेली की मधली डोकं जोरात हलवायची, अंगाला गिरकी द्यायची, आणि लहान मुकाट बाहेर.

"मधल्या कोण गं या?"

"मोठ्या माद्या. मधली जागा त्यांचीच. धाकट्यांना कडेला ढकलतात."

"म्हणजे सासवा."

"आज्जी, असं नाही लिहिता येत."

"तू नको लिहूस. मी लिहिते."

आणि एक होती काठावरची. तिच्या डोक्याचं डावं टोक तुटलेलं होतं, फावड्याची कड दगडावर आपटून उडावी तसं. ती कधी मध्ये जायची नाही. कळपाच्या अगदी बाहेरून, कॅमेऱ्याच्या जवळून जायची, आणि जाताना उरलेल्या चांगल्या डोळ्याने आत बघायची. आत म्हणजे माझ्याकडे. मला माहीत आहे की ती कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत होती. पण कुलूपबंद खोलीत दुपारी दोन वाजता तुमच्याकडे कुणी बघत असेल, तर तुम्ही कशाला चौकशी करता?

ती ज्या क्लिपमध्ये असेल, तिथे मी आकड्याशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायला लागले.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस मी वॉकर सोडला. काठी टेकत स्वयंपाकघरात गेले, स्वतः चहा केला आणि मुलाच्या हातात दिला. त्याने कपाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "बघू" म्हणाला नाही. नुसता "बरं" म्हणाला. मी मनातल्या मनात बोचकं बांधलं.

दोन दिवसांनी नातीच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी तपासणी म्हणून दहा क्लिप स्वतः मोजल्या होत्या. दहाही ठिकाणी माझा आकडा एकाने कमी होता. नातीने आणखी काढून पाहिल्या. तिथेही एक कमी.

ती पलंगावर येऊन बसली. चेहरा एवढासा झालेला. "आज्जी, तुला नीट दिसतं ना गं?"

"दिसतं की."

"मग असं कसं? एखाद्या ठिकाणी चुकलं असतं तर मी समजले असते. सगळीकडेच चुकलंय. मला आता सगळं पहिल्यापासून मोजावं लागणार."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाजाची मला फार भीती वाटते. "आई, पाय बरा झाला गं तुझा. पण..." त्याने हात डोक्याकडे नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला. "समोरचे मासे मोजता येईनात, तर गॅस बंद केला की नाही हे कसं लक्षात राहणार? गोळ्या दोनदा घेतल्यास तर? तिकडे कोण आहे बघायला?"

"त्या विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळ घेऊ या का?" सून हळूच म्हणाली. "सोमवारी बसतात ते."

तो हरवलेला एक कुठे गेला, हे मला फोन आला त्याच क्षणी कळलं होतं. पण सांगायचं कसं?

त्यासाठी पन्नासेक वर्षांपूर्वीची एक पोरगी तुमच्यापुढे उभी करायला हवी, आणि ती काही बघण्यासारखी नव्हती. वय एकोणीस. कामशेतच्या शाळेतून मॅट्रिक, गणितात पहिली. लग्न होऊन आमच्या घरात आली ती अशी, की भाकरी गोल येत नव्हती, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ काढता येत होतं. शेण काढताना एकोणतिसाचा पाढा म्हणायची, तोही जरा मोठ्याने, शेजारी ऐकू जावा म्हणून. आज भेटली तर मी तिच्याशी पाच मिनिटं बोलणार नाही.

एकदा जनावरांच्या मोजणीला एक माणूस आला. सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्याने वही उघडून विचारलं, "मावशी, म्हशी किती?"

"पाच हायती," सासूबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरात मी ऐकलं. पाच? गणित चुकलं होतं हो! मी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आले. "पाच नाही, सहा! मागच्या अंगणात एक बांधलीय ना!"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. तो माणूस माझ्याकडे कौतुकाने बघतोय असं मला वाटलं. तो मागे गेला. तिथे घरातली सगळ्यात चांगली म्हैस होती, दिवस भरत आलेली, काळीभोर. तिच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "वा! काय म्हैस आहे!" आणि लिहून घेतलं, सहा.

आठ दिवसांत तिला पान लागलं. साप चावला की आमच्याकडे असंच म्हणतात. म्हैस गेली आणि पोटातलंही गेलं.

सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाकरी टाकताना म्हणाल्या, "पोरी, तू लय हुशार हायस. हुशारी जरा घरात ठिवत जा." पुन्हा तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही.

साप आकडे ऐकून चावत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढे गावातल्या बायकांना मीच ते शिकवलं. लिंबू-मिरच्या काढून फेकल्या. मुलाच्या हॉटेलच्या दारावर काळी बाहुली टांगली होती, तर ती सगळ्यांसमोर उतरवून त्याला अर्धा तास सुनावलं. आणि हेच सगळं करणारी मी, त्या दिवसापासून कुठल्याही जित्या जिवाचा पुरा आकडा कुणाला सांगितला नाही. म्हशी, कोंबड्या, पोरं, काहीही विचारा, तोंडातून एक कमीच येतो. आता तो विचार करूनही येत नाही, आपोआप येतो. हातोड्या मोजतानाही तसाच आला असणार. ज्या क्लिपमध्ये काठावरची होती तिथे मात्र माहीत होतं, तिलाच मी बाहेर ठेवत होते. आपलं जे असतं तेच लपवतात.

म्हणजे माझ्यापुढे दोन दारं होती. गप्प राहिले तर म्हातारचळ लागलेली म्हणून तिसऱ्या मजल्यावर कायमची. बोलले तर दृष्टीला घाबरणारी म्हणून पन्नास वर्षांची अब्रू गेली. दोन दिवस मी दोन्ही दारांकडे बघत पडून राहिले. अब्रू जड निघाली. शनिवारपर्यंत मी गप्पच.

रविवारी नात म्हणाली, डॉक्टरांकडे जाण्याआधी एकदा माझ्यासमोर मोज. मुलगाही येऊन बसला. तिने क्लिप लावली, कळप भरून आला तिथे थांबवली.

"किती?"

मी पाहिलं. मोजलं. तोंड उघडलं. "एकवीस."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नात अगदी हळू म्हणाली, "आज्जी, बावीस आहेत."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बावीस आहेत ते."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबूनच धरला होता. मग मी सांगितलं सगळं. म्हैस, मोजणीवाला, सासूबाईंचं सूप. मुलाच्या चेहऱ्यावर ते पटत नव्हतं; सारवासारव करतेय असं त्याला वाटत असणार. तेव्हा मी शेवटचं काढलं, जे त्याला कधीच सांगणार नव्हते.

"तू एकुलता एक. तुला शाळेत घालायला नेलं, तेव्हा बाईंनी विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी म्हणाले, एकही नाही. बाई म्हणाल्या, मग हा तुमच्या बोटाला धरलेला कोण?"

नात फिस्सकन हसली. मुलगा हसला नाही. "तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, वाटेत भेटला."

तेव्हा तो हसला. डोळे पुसण्याइतका हसला, पण बाहुली तो विसरलेला नव्हता. "आणि माझ्या दारावरची बाहुली काढून मला अर्धा तास झापलंस!"

"व्हय. त्या अर्ध्या तासातलं सगळं बरोबर होतं. फक्त सांगणारी बाई चुकीची होती."

नातीचं लक्ष मात्र वहीत होतं. "आज्जी, यातली बाविसावी कोण?"

मी पडद्यावर बोट टेकवलं. काठावर, डावं टोक तुटलेली.

"आणि हे ठिपके? मला वाटलं पेन्सिल टेकवून ठेवतेस."

"ती जिथे जिथे आली तिथे ठिपका."

तिने वही उलटी-सुलटी चाळली. एक क्लिप उघडली, मग दुसरी, मग मागच्या पानांवरच्या काही. प्रत्येकीत थांबवून डावं टोक मोठं करून बघत गेली. मग माझ्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "आज्जी, ही पहिली वीस पानं गेल्या वर्षीची आहेत. मी तुला सांगितलं नव्हतं."

"मला काय करायचंय वर्षाशी? तीच आहे ती."

"तीच आहे," ती म्हणाली, आणि मॅडमना फोन लावायला गॅलरीत पळाली. एकीने भागत नाही, अजून पुष्कळांना ओळखावं लागेल, हे मला नंतर समजावून सांगितलं. पण सुरुवात त्या एकीपासून झाली, आणि आकड्यांत एकेक मिळवून माझी वहीही शेवटी कामाला आली.

खोलीत मी आणि मुलगा उरलो. मला वाटलं, सुटले. तो माझ्या काठीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "आई, म्हणजे तू जे सांगतेस त्यात नेहमी एक राखून ठेवलेलं असतं."

"जिवांच्या बाबतीत."

"मग उद्या तिकडे पडलीस, आणि मी फोन केला, तर तू म्हणणार, काही नाही झालं. बरोबर?"

बरोबरच होतं. बांधावर पडले तेव्हाही जावेला मी पहिलं वाक्य तेच म्हणाले होते.

"डोकं ठीक आहे तुझं, मान्य. पण तुझ्या आकड्यावर मी कसा विश्वास ठेवू? मी तिथे कॅमेरा लावतो. हॉटेलात आहेत तसा. अंगणात. तो चालणार असेल, तर दिवाळीच्या आत जा."

मी पडद्याकडे बघितलं. काठावरची तिथेच थांबवलेली होती, कळपाबाहेर, चांगला डोळा आमच्याकडे करून. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"लाव," मी म्हणाले.

पायऱ्या मी स्वतः उतरले. मुलगा एक पायरी खाली, उलटा उतरत, दोन्ही हात पुढे धरून. तो घामाघूम, मी घामाघूम. चोपन्न. त्या पुऱ्या मोजल्या. पायऱ्यांना दृष्ट लागत नाही.

आता घरी आहे. सुटले म्हणावं तर तसंही नाही. बांधावर काठी ठरत नाही, म्हणून खाचराकडे जाता येत नाही. कापणी झाली, भारे घरी आले, ते मी ओट्यावरून बघितलं. ओटा, अंगण, गोठा एवढंच माझं कांकण, आणि वळचणीला लाल दिव्याचा कॅमेरा. मुलगा हॉटेलच्या काउंटरवरच्या पडद्यात मला बघतो. तिथे सामान घेऊन उभे असलेले पाहुणेही मला बघतात म्हणे. मुंबईची एक बाई मी धान्य निवडत असताना "सो क्यूट" म्हणाली, असं त्याने सांगितलं. तेव्हापासून मी धान्य गोठ्यामागे बसून निवडते. दिवसातून दोनदा, त्याचा जीव राहावा म्हणून, काठी टेकत कॅमेऱ्यासमोरून या टोकाकडून त्या टोकाकडे जाते. जाताना त्याच्याकडे एकदा बघते.

म्हैस धनत्रयोदशीला व्याली. मी हजर होते. रेडी झाली, कपाळावर चंद्र. मुलाला सांगितलं, पूर्ण सांगितलं, निघताना तसा शब्द दिला होता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई, पडद्यावर म्हैस दिसतेय. रेडी कुठंय?"

"आहे की."

"दिसत नाहीये."

"दिसायची नाहीच. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या खुंटीला बांधलीय."

तो काही म्हणायला जाणार, एवढ्यात त्याच्या मागे काउंटरवर कुणाचा तरी आवाज आला. कुणी पाहुणा असावा. पडद्याकडे बघत विचारत होता, "आपका गाँव? कितने जानवर हैं माताजी के पास?"

फोन माझ्या कानाशीच होता.

"एक ही है," मुलगा म्हणाला.